नाताळची कोंबडी आणि सहाव्या दिवसाचा मान्ना



आगमनकाळाला अजून दहा-बारा दिवस आहेत आणि मंडळीच्या व्हॉट्सॲप गटावर नाताळचा पहिला निरोप येऊन पडला आहे. तो गायनाच्या सरावाचा नाही, शब्बाथ शाळेच्या नाटिकेचाही नाही. तो कोंबडीचा आहे. यंदा बर्ड फ्लू येणार, नाताळला चिकन मिळणार नाही, मिळाले तर परवडणार नाही, तेव्हा आत्ताच घेऊन फ्रीझरमध्ये टाका, असा तो निरोप. तो लिहिला कुणी, ते कुणालाच ठाऊक नाही. चार जणांनी पुढे पाठवला, दोघांनी हात जोडल्याचे चित्र टाकले, आणि रविवारी उपासना सुटल्यावर महिला मंडळाच्या एका मावशींनी आम्हाला दारातच गाठले. "मग काय करायचं रे बाळांनो? घेऊन ठेवू का सहा-सात किलो?"

आम्ही "पुढच्या रविवारी सांगतो, मावशी" एवढेच म्हणालो. आम्ही म्हणजे मंडळीच्या कामाचे सात-आठ स्वयंसेवक: प्रीतिभोजनाचा बाजार करणारे, सतरंज्या घालणारे, शेवटी पातेली घासणारे. मावशींना द्यायचे उत्तर आमच्याकडे होते, पण ते उभ्याउभ्या सांगण्यासारखे नव्हते. त्या उत्तराच्या मुळाशी आमची एक जुनी चूक आहे आणि ती आधी कबूल केल्याशिवाय आम्ही कुणाला सल्ला देणे बरे दिसत नाही.

आमचे मत असे. नाताळच्या कोंबडीचे लवकर ठरवावे, दुकानदाराला लवकर सांगावे, शक्य असेल तर पैसेही आधी द्यावेत. पण भीतीपोटी घरात साठा करू नये, आणि एकदा सांगितले की अफवेवरून शब्द फिरवू नये. लवकर घेणे आणि भरून ठेवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पवित्र शास्त्रातही त्या वेगळ्याच आहेत.

आता ती चूक.

२०२० चा डिसेंबर. करोनामुळे त्या वर्षी पंगत बसणार नव्हतीच. म्हणून १ जानेवारीच्या उपासनेनंतर घरोघर डबे पोचवायचे ठरले. २५० डबे: पुलाव, चिकनचा रस्सा आणि महिला मंडळाच्या करंज्या. नाताळच्या दुसऱ्याच दिवशी आम्ही आमच्या नेहमीच्या कोंबडीवाल्या चाचांकडे जाऊन सांगून आलो. ४५ कोंबड्या, साफ करून साधारण ६० किलो. विसार दिला नाही. चाचांनी मागितलाही नाही. चर्चवाल्यांकडून कसला विसार घ्यायचा, असे म्हणाले. आम्हाला ते ऐकून बरेच वाटले होते.

त्याच आठवड्यात इथे इंदुरात डेली कॉलेजच्या आवारात मेलेले कावळे सापडू लागले. तपासणीत त्यांच्यात एच५एन८ हा बर्ड फ्लूचा विषाणू निघाला. बातमी पसरायला वेळ लागला नाही आणि बातमीच्या पुढे निरोप धावले: चिकन खाऊ नका, अंडी खाऊ नका, झाडाखाली उभे राहू नका. त्या वेळेपर्यंत बाजाराविषयी कोणताही सरकारी आदेश निघाल्याचे आमच्या कानावर आले नव्हते. आम्ही चौकशीही केली नाही. ३१ तारखेच्या संध्याकाळी आमच्यातल्या एकाने चाचांना फोन केला आणि ऑर्डर नको म्हणून सांगितले. चाचांनी ४५ पक्षी आमच्यासाठी म्हणून ठोक व्यापाऱ्याकडून उधारीवर उचलून ठेवले होते. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "कोई बात नहीं, साहब." आम्ही मटार पुलाव केला, डबे पोचवले, लोकांनी आवडीने खाल्ले, आणि आम्ही तो विषय विसरलो.

भीती अगदीच निराधार होती असे आम्ही म्हणत नाही. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात केंद्राच्या पशुसंवर्धन खात्याने ४ राज्यांत रोगाची १२ केंद्रे सापडल्याचे जाहीर केले: आपल्या मध्य प्रदेशात आणि राजस्थानात कावळ्यांमध्ये, हिमाचलात स्थलांतरित पक्ष्यांमध्ये, केरळात बदकांमध्ये. पुढे इंदूर आणि नीमचच्या कोंबडीबाजारातल्या नमुन्यांतही विषाणू मिळाला आणि दुकाने काही दिवस बंद ठेवावी लागली. महाराष्ट्रात परभणीजवळच्या मुरुंब्यात शेकडो कोंबड्या मेल्या. तेव्हा सावध राहणे चूक नव्हते. चूक ही, की आमच्या सावधपणाची सगळी किंमत आम्ही चाचांवर टाकली. ते पक्षी चाचांनी मिळेल त्या भावाने काढले. उरलेले खाद्य खात बसले. मग दुकानच बंद राहिले. आमच्यापैकी एकही जण त्यांच्याकडे फिरकला नाही, अर्धे नुकसान आम्ही भरतो असे म्हणाला नाही. तेव्हा मंडळीच्या पेटीत पैसे नव्हते असेही नाही.

पुढच्या डिसेंबरात आम्ही पुन्हा गेलो. चाचांनी चहा दिला, मुलाबाळांची विचारपूस केली आणि मग शांतपणे म्हणाले, "पहले पैसा, फिर ऑर्डर." रागावलेले नव्हते. आमच्या शब्दाची किंमत त्यांनी ठरवली होती, इतकेच. आमचे होय ते होय असावे असे प्रभूने डोंगरावर शिकवले, ते आम्ही शब्बाथ शाळेत मुलांकडून पाठ करून घेतो. आणि बाजारात आमचे होय आठवडाभरही टिकले नव्हते. त्या चहाच्या पेल्यापाशी आम्हाला जी लाज वाटली, तिच्यातून हा लेख आला आहे.

आता मावशींच्या प्रश्नाकडे. सहा-सात किलो आत्ताच घेऊन ठेवावी का?

आधी रोगाचे बघू. कोंबडी लवकर घेऊन गोठवून ठेवली की आपण रोगातून सुटलो, अशी समजूत त्या निरोपामागे आहे. ती चुकीची आहे. हा विषाणू थंडीने मरत नाही, गोठवल्यावरही टिकतो. तो मरतो उष्णतेने. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मांस आतपर्यंत ७० अंश सेल्सिअसला पोचले पाहिजे. आपला रस्सा रटरटून उकळतो तेव्हा ती मर्यादा सहज ओलांडली जाते. फक्त मोठा तुकडा हाडापाशी गुलाबी राहिलेला नसावा. म्हणजे नोव्हेंबरात घेतलेली कोंबडी आणि २४ डिसेंबरला घेतलेली कोंबडी यांत सुरक्षितपणाचा फरक फ्रीझर करत नाही. तो चूल करते.

माणसाला हा रोग झाल्याच्या ज्या थोड्या घटना आहेत, त्या बहुतेक आजारी किंवा मेलेल्या पक्ष्यांना हाताळण्यातून झालेल्या आहेत. नीट शिजवलेल्या मांसातून तो होतो असा पुरावा नाही. २०२१ मध्ये हरियाणातल्या एका ११ वर्षांच्या मुलाचा दिल्लीत या रोगाने मृत्यू झाला, म्हणून हा विषय थट्टेवारी नेण्यासारखाही नाही. त्या वर्षी अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने कच्ची-अर्धवट उकडलेली अंडी आणि कमी शिजलेले चिकन खाऊ नका, असा सल्ला दिला होता. आपल्या घरांपुरता त्याचा अर्थ सांगायचा तर, नाताळच्या केकचे कच्चे पीठ मुलांना चाटू देऊ नये. कच्चे मांस कापलेल्या सुरीने आणि पाटावर कोशिंबीर चिरू नये. नळाखाली कोंबडी धुताना उडणारे शिंतोडे ओट्यावर राहू देऊ नयेत. मांस हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत. मेलेला पक्षी दिसला तर हात न लावता पशुवैद्यकीय खात्याला कळवावे. आणि जिवंत कोंबड्या आधीच आणून मागच्या अंगणात बांधून ठेवण्याची आपल्यातल्या काही घरांची रीत आहे, ती रोगाची बातमी असेल त्या वर्षी तरी सोडावी. सगळ्यांत जास्त धोका त्यातच आहे.

म्हणजे रोगासाठी साठा करून उपयोग नाही. राहिला प्रश्न मिळण्याचा आणि भावाचा. इथे आम्हाला वचनातली दोन अरण्यातली दृश्ये आठवतात.

पहिले गणना ११ मधले. इस्राएल लोक मांसासाठी रडू लागले. वाऱ्याने समुद्राकडून लावे पक्षी आणले आणि छावणीभोवती त्यांचा खच पडला. लोक तो सबंध दिवस, ती सबंध रात्र आणि दुसरा दिवसभर गोळा करत राहिले. ज्याने सर्वांत कमी गोळा केले त्याच्याकडेही दहा होमर भरले, आणि त्यांनी ते छावणीभर पसरून ठेवले. मांस दातांत असतानाच पटकी आली. त्या जागेला पुढे हावेच्या कबरींचे नाव पडले. पक्ष्यांचा साठा आणि रोग एकाच अध्यायात आले आहेत, म्हणून हे वचन अशा दिवसांत हटकून आठवते.

पण इथे जपून चालले पाहिजे. या अध्यायावरून बर्ड फ्लू म्हणजे देवाची शिक्षा, असे कुणी सांगू लागले तर आम्हाला ते मान्य नाही. शिलोहाचा बुरूज पडून १८ माणसे मेली तेव्हा, ती इतरांपेक्षा अधिक पापी होती असे समजू नका, असे प्रभू येशूने स्पष्ट बजावले. कुक्कुटपालक पापी म्हणून त्याच्या शेडमध्ये रोग येत नाही. तो रानपक्ष्यांबरोबर येतो, पाण्यातून, खाद्यातून, चपलांना लागलेल्या विष्ठेतून येतो. गणना ११ मधून आम्ही घेतो तो धडा गोळा करणाऱ्यांविषयीचा आहे. आज मिळते आहे, उद्या मिळेल की नाही कोण जाणे, म्हणून रात्रीचा दिवस करून, शेजाऱ्याकडे न बघता ते पक्षी ओढत राहिले.

दुसरे दृश्य निर्गम १६ मधले. मान्ना रोजच्या रोज वेचायचा होता. काहींनी भीतीने सकाळपर्यंत ठेवला, तर त्यात किडे पडले आणि घाण सुटली. पण सहाव्या दिवशी दुप्पट वेचायची आज्ञा होती, कारण सातवा दिवस शब्बाथ. त्या दिवशीचा ठेवलेला मान्ना नासला नाही. अन्न तेच, माणसेही तीच. एका रात्री ठेवलेले सडले आणि दुसऱ्या रात्री ठेवलेले टिकले. फरक कशात होता? पहिल्यांदा उद्यावर विश्वास नव्हता म्हणून ठेवले होते. दुसऱ्यांदा सणासाठी, सांगितलेल्या मापाने आणि सगळ्यांनी मिळून ठेवले होते.

मावशींना आमचे उत्तर इथून मिळते. नाताळ हा आपला सहावा-सातवा दिवस आहे. त्याची तयारी आधी करण्यात अविश्वास नाही. आपण करंज्या-शंकरपाळ्या आठ दिवस आधी करतोच, केकसाठी सुका मेवा महिनाभर आधी भिजवतो. योसेफाने मिसरात सात वर्षे धान्य साठवले आणि शास्त्राने त्याला हावरट म्हटले नाही, कारण ते कोठार सगळ्यांसाठी उघडणार होते. तेव्हा घरात चार माणसे असतील आणि पाहुणे येणार असतील, तर सणापुरती दीड-दोन किलो आधी सांगून ठेवा. नाताळच्या आठवड्यात गर्दी नको म्हणून थोडी आधी आणून नीट गोठवली तरी हरकत नाही. उणे १८ अंशांवर ती काही महिने चांगली राहते. बाहेर काढल्यावर ओट्यावर ठेवून वितळवू नका, आदल्या दिवशी फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. पण चार माणसांच्या घरात सात किलो, तेही एका निनावी निरोपावरून, हे लाव्यांचे माप झाले. दहा घरांनी असे केले की आपल्याच गल्लीत भाव चढतो, आणि मग ज्या घरात नाताळलाच कोंबडी शिजते त्या घराला ती परवडत नाही. टंचाईची अफवा आपणच खरी करून दाखवतो.

लवकर सांगण्याचा खरा फायदा आणखी एक आहे आणि तो आपल्याला सहसा माहीत नसतो. ब्रॉयलरचे पिल्लू विक्रीच्या वजनाला यायला साधारण ३५ ते ४२ दिवस लागतात. म्हणजे नाताळच्या पानात पडणारी कोंबडी आज या घडीला अंड्यातून नुकती बाहेर आलेली आहे. पालकाने किती पिल्ले टाकायची, ठोक व्यापाऱ्याने किती बोलायची, हे याच दिवसांत ठरते. आपण आत्ता अंदाज सांगितला तर दुकानदार पुढे सांगू शकतो. आपण २३ तारखेच्या रात्री जागे झालो तर सगळा जुगार त्याच्या माथी. अशा अर्थाने आगमनकाळाची सुरुवात ही कोंबडी सांगून ठेवायची अगदी योग्य वेळ आहे.

पाश्चात्त्य देशांतही हे असेच चालते. २०२२ मध्ये इंग्लंडात मोठी साथ आली आणि मोकळ्या चरणाऱ्या नाताळच्या टर्की पक्ष्यांपैकी जवळजवळ निम्मे गेले. तेव्हा सरकारने पालकांना पक्षी लवकर कापून गोठवायची आणि २८ नोव्हेंबरपासून वितळवून विकायची मुभा दिली. यालाही लवकर करणे म्हणतात. तिथे ते पालकाचा माल आणि गिऱ्हाइकाचा सण दोन्ही वाचावेत म्हणून, जाहीर नियमाने झाले. घबराटीने भरलेल्या घरगुती फ्रीझरशी त्याचे नाते नाही.

आता ज्यांच्याकडे आपण फारसे बघत नाही त्यांच्याविषयी. भारतात हा रोग पहिल्यांदा सापडला तो २००६ च्या फेब्रुवारीत, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापुरात. निदान आपल्याच भोपाळच्या प्रयोगशाळेत झाले. लाखो पक्षी मारावे लागले. १५ वर्षांनी, २०२१ मध्ये, त्याच नवापुरावर पुन्हा तीच वेळ आली. त्या भागात आपल्या किती मंडळ्या आहेत हे वेगळे सांगायला नको. २०२१ च्या जानेवारीत झाबुआ जिल्ह्यात थांदल्याकडच्या एका कडकनाथ पालकाचे पक्षी या रोगात गेले. झाबुआचा कडकनाथ म्हणजे २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली जात, भिल्ल कुटुंबांचा हक्काचा पैसा, आणि त्या डोंगरांतही ख्रिस्ती वस्त्या पुष्कळ आहेत. केरळात कुट्टनाडची बदके तर नाताळ डोळ्यांपुढे ठेवूनच वाढवतात. २०२१ च्या डिसेंबरात, सण दोन आठवड्यांवर असताना, आलप्पुळा जिल्ह्यात तकळीला रोग सापडला आणि सणाचे पक्षी मारून टाकावे लागले.

रोग सापडला की त्या जागेपासून १ किलोमीटरच्या आतले कोंबड्या-बदकांसारखे पाळीव पक्षी मारतात आणि १० किलोमीटरपर्यंत पाळत ठेवतात. सरकारी आदेशाने मारलेल्या पक्ष्यांची भरपाई मिळते. पण आदेशाच्या आधीच मेलेल्या पक्ष्यांची मिळत नाही. आणि ज्याच्या दुकानावर गिऱ्हाईकच येत नाही, त्याला तर कुणीच काही देत नाही. २०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये चिकनमधून करोना होतो अशी निव्वळ खोटी अफवा पसरली होती. भाव इतके पडले की बेळगाव जिल्ह्यात गोकाक तालुक्यातल्या एका पालकाने खाद्य परवडेना म्हणून हजारो कोंबड्या जिवंत पुरल्या. तिथे रोग नव्हता, सरकारी आदेशही नव्हता. होते फक्त पुढे पाठवलेले निरोप. त्यांतला एखादा आपल्याही फोनमधून गेला असेल.

म्हणून यंदा आम्ही पाळकसाहेबांशी आणि महिला मंडळाशी बोलून काही गोष्टी ठरवल्या आहेत. त्या मंडळीपुरत्या आहेत, पण घरोघरीही चालतील.

आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी उपासनेनंतर दाराशी वही ठेवू. ज्या घरांना कोंबडी हवी त्यांनी सणापुरते वजन लिहावे आणि निम्मे पैसे द्यावेत. प्रीतिभोजनाच्या कोंबड्याही त्याच यादीत असतील. दुसऱ्या दिवशी आम्ही ती यादी आणि तो विसार चाचांकडे नेऊ आणि पावतीवर दोन्हीकडच्या सह्या घेऊ. मधल्या काळात बातमी आली तर आधी जिल्हा प्रशासनाचा आणि पशुसंवर्धन खात्याचा आदेश बघू. आदेशाने बाजार बंद झाला तर तो काटेकोर पाळू, लपूनछपून एकही पक्षी आणणार नाही. पण त्या परिस्थितीत विसार परत मागणार नाही. आदेश नसेल, नुसती अफवा असेल, तर ठरलेला माल ठरलेल्या भावाने उचलू. आणि गटावर या विषयाचा निरोप टाकण्याआधी तो कुणी लिहिला, कधी लिहिला, हे सांगता येत नसेल तर तो टाकू नये, ही विनंती सगळ्यांना.

यावर दोन आक्षेप आले आहेत. मंडळीचा पैसा असा बुडीत कसा टाकायचा, असे एका काकांनी विचारले. काकांचा मुद्दा खरा आहे, दानपेटीतला एकेक रुपया कुणाच्या तरी घामाचा आहे. आमचे उत्तर एवढेच, की नुकसान झालेच तर ते कुणाकडे तरी जाणारच आहे. २५० घरांत वाटले तर घरामागे फार थोडे येते. एकट्या चाचांवर पडले तर त्यांचा महिना बुडतो. २०२० मध्ये आम्ही मंडळीचा पैसा वाचवला आणि एका माणसाचा घालवला. त्याला काटकसर म्हणवत नाही.

दुसरा आक्षेप तरुण मंडळींचा. एवढी कटकट असेल तर कोंबडी हवीच कशाला, पनीर करा. चालेल की. आदेश आला तर करूच, आणि ज्यांच्या मनाला पटत नाही त्यांच्यासाठी यंदाही वेगळे पातेले असेल. पण त्यात एक बघा. गावोगावच्या कितीतरी घरांत वर्षाची शाळेची फी त्या शेडमधून निघते. सण आपण कशाने साजरा करतो त्यावर कुणाचे तरी घर चालते, म्हणून तो निर्णयही घाईचा नसावा.

आणि खरोखरच कोंबडी मिळाली नाही तर? मरीया आणि योसेफ बाळाला घेऊन मंदिरात गेले तेव्हा त्यांनी काय अर्पण केले ते लूक २ मध्ये आहे. होल्यांची जोडी किंवा पारव्याची दोन पिल्ले. लेवीय १२ उघडून पाहिले तर कळते की कोकरू परवडत नसेल त्या बाईसाठी ही सवलत होती. जगाच्या तारणाऱ्याच्या घरचे अर्पण दोन पाखरांचे होते, आणि तेही गरिबाच्या मापाचे. पुढे त्याच प्रभूने सांगितले की बाजारात कवडीमोलाने विकली जाणारी चिमणीसुद्धा पित्याच्या नकळत जमिनीवर पडत नाही. ज्या पित्याला मेलेला कावळा दिसतो, त्याला रिकाम्या दुकानात बसलेला चाचाही दिसतो. आपल्याला तो दिसला नव्हता, एवढेच.

तर मावशी, सात किलो नको. दीड किलो लिहा, निम्मे पैसे द्या आणि निर्धास्त राहा. फ्रीझरमध्ये जागा उरली तर करंज्यांचे सारण ठेवा. यंदाचा विसार घेऊन चाचांकडे जाताना आमच्याकडे दुसरे एक पाकीटही असेल. २०२० च्या त्या ४५ कोंबड्यांचे जे नुकसान झाले, त्याचा हिशेब आम्ही आपापसांत वर्गणी काढून केला आहे. मंडळीच्या पेटीतून नाही, कारण फोन आम्ही केला होता. उशीर फार झाला आहे हे आम्हाला कळते. ते घेतील की नाही, तेही माहीत नाही.

प्रभू, आमच्या सणाच्या पानामागे ज्यांचे हात आहेत त्यांना सांभाळ. ज्यांच्या शेडमध्ये रोग आला त्यांना धीर दे. आम्हाला रोजची भाकर दे, सणाच्या दिवशी सणापुरते दे, आणि आमचे होय बाजारातही होयच राहू दे. आमेन.